रमाईनगरात गाडी उलटी येते

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावात पाणी सोडून सगळं साठत होतं. कचरा साठत होता, अर्ज साठत होते आणि आमच्या ऑफिसात किस्से साठत होते. कचरा उचलायला निदान एक गाडी होती. किस्से उचलायला कुणीच नाही, म्हणून ते काम मी करते.

गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून नोकरी करायची आहे. समाजकार्याची पदवी घेऊन मी पालिकेच्या स्वच्छता विभागात कंत्राटावर लागले, तेव्हा गाव बदलायला सहा महिने पुरतील असा माझा हिशेब होता. विभाग म्हणजे तीन माणसं: सुपरवायझर बिराजदार साहेब, घंटागाडीचे ड्रायव्हर सय्यदभाई आणि मी. गाडी एकच. ती रोज सकाळ-संध्याकाळ गोदावरी कॉलनीत जायची. रुळापलीकडच्या रमाईनगरात कधीच नाही.

"का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"गाडी वळत नाही तिथं," बिराजदार साहेब म्हणाले.

"मग एखादी छोटी गाडी घेऊ."

"जिल्हा झाला की बघू."

आमचं गाव नवा जिल्हा होणार अशी तेव्हा हवा होती. साहेब त्या हवेवर अख्खं ऑफिस चालवत. पंखा बिघडला, जिल्हा झाला की बघू. खुर्ची मोडली, जिल्हा झाला की बघू. एकदा शिपायानं मुलीच्या लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण दिलं, तर साहेब फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "जिल्हा झाला की बघू."

*

गोदावरी कॉलनीच्या नावात नदी होती, पण नळाला थेंब नव्हता. तिथं आम्ही घरटी दोन डबे वाटले. हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. मी मंदिरासमोर सगळ्यांना जमवून तासभर भाषण दिलं. "दोन्ही कधीही मिसळू नका," हे तर इतक्या वेळा म्हणाले, की शेवटी पुढच्या रांगेतल्या बायका माझ्याबरोबर म्हणायला लागल्या.

पंधरा दिवसांनी मुख्याधिकारी पाहणीला आले. पहिल्याच घरात काकूंनी दोन्ही डबे मोठ्या कौतुकानं दाखवले. लख्ख घासलेले, वर ताटली झाकलेली. मुख्याधिकाऱ्यांनी ताटली उचलली. आत पाणी.

"काकू, हे काय?" मी विचारलं.

"निळ्यातलं प्यायचं, हिरव्यातलं वापरायचं," काकू म्हणाल्या. "तुम्ही सांगितल्यापासून एकदाबी मिसळलं न्हाई बघा."

*

कॉलनीत देशमुख सर राहायचे, निवृत्त मुख्याध्यापक. गावातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे ते कुणालाही उभं करून बोलत. एक दिवस ते तक्रार घेऊन आले. संध्याकाळच्या गाडीवरचं गाणं त्यांची झोप मोडतं. गाडीनं यावं, पण गुपचूप यावं.

त्याच वेळी दारात निर्मलामावशी उभ्या होत्या. मावशी रमाईनगरच्या. देशमुख सरांच्याच घरी भांडी घासायच्या आणि वस्तीत कुठलंही काम निघालं की पुढं असायच्या.

"तुमचं काय?" साहेबांनी विचारलं.

"गाण्याचंच हाय," मावशी म्हणाल्या. "रुळाच्या अलीकडून रोज ऐकू येतंय. आमच्या लेकराबाळांना पाठ झालंय. पर गाडी कशी दिसती ती कुणी बघितली न्हाई."

मग त्यांनी खरं काम सांगितलं. रमाईनगरात पाण्याचा एकच हापसा, आणि त्याला खेटून उकिरडा. वारं सुटलं की प्लास्टिकच्या पिशव्या थेट घागरीत. मावशींची नात नुकतीच सरकारी दवाखान्यात सलाईन लावून आली होती. हापसा हलवता येत नव्हता, कारण आजूबाजूला दुसरीकडं कुठंच पाणी लागत नव्हतं. म्हणजे हलायला पाहिजे होता तो उकिरडा.

"तुमचा कचरा तुम्हीच टाकता ना तिथं?" देशमुख सर शाळेतल्या आवाजात म्हणाले.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "टाकतो की सर, आम्हीबी टाकतो. पर अंधार पडला की कॉलनीतल्या स्कूटरी येत्यात. न थांबता पिशव्या भिरकावत्यात. काही जणांचा नेम लई चांगला हाय."

सरांना एकदम काहीतरी काम आठवलं.

*

"बाई, मी नाही म्हणत नाही," बिराजदार साहेब म्हणाले, "पण गाडी वळत नाही."

"टँकर वळतोय," मावशी म्हणाल्या.

"कुठं?"

"आमच्याच गल्लीत. आठवड्याला एकदा येतोय. एवढा मोठा टँकर वळतोय आन् तुमची पिटुकली गाडी वळना व्हय?"

साहेबांनी बराच विचार केला. "टँकर पाणीपुरवठ्याचा आहे," ते म्हणाले. "ते खातं वेगळं आहे."

मी उठून भांडायच्या तयारीत होते. माझ्याकडं कायद्याची तीन कलमं आणि समतेवर एक परिच्छेद तयार होता. पण माझ्याआधी कोपऱ्यात चहा पिणारे सय्यदभाई बोलले.

"साब, सीधी नै मुडती तो उल्टी लेके जातूँ. वळायचा सवालच नाही."

या सूचनेला नाही म्हणायला साहेबांकडं कारण तयार नव्हतं. म्हणून त्यांनी अट घातली. पंधरा दिवस ट्रायल, रोज दुपारी एक फेरी. कचरा घरोघरचा, माणसाच्या हातून आलेला. आणि गाडी निदान अर्धी भरलीच पाहिजे. "रिकामी आली तर प्रतिसाद नाही असं लिहीन आणि बंद करीन."

*

पहिल्या दिवशी रमाईनगर रस्त्यावर आलं होतं. गाडी पाठमोरी, गाणं चालू, त्यात रिव्हर्सची टींटीं, आणि सय्यदभाई खिडकीतून मान बाहेर काढून नवरदेवाच्या घोड्यासारखी गाडी आणत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कचरा मात्र कुणी दिला नाही.

"प्लास्टिकच्या बाटल्या?" मी एका घरात विचारलं.

"त्यात पाणी हाय."

"डबे, कॅन?"

"त्यातबी पाणीच हाय."

"पुठ्ठे?"

बाईंनी वर बोट केलं. छपराच्या भोकावर पुठ्ठा होता. कागद चुलीत जात होता, लोखंड भंगारवाल्याकडं. मी भर उन्हात पुनर्वापरावर बोलायला उभी राहिले आणि पहिल्या वाक्यातच लक्षात आलं, की हे भाषण ह्यांनी मला द्यायला पाहिजे. उकिरड्यातलं भरावं म्हटलं, तर तो कचरा घरोघरचा नव्हता. अट म्हणजे अट.

तेवढ्यात एका आजीनं गाडीत डोकावून विचारलं, "ते क्यान चांगले दिसायलेत. न्यावं का?"

गाडी येताना कॉलनीचे दोन कॅन घेऊन आली होती. जाताना तेही नव्हते.

*

त्या संध्याकाळी मी मावशींना सांगितलं, "असंच चाललं तर गाडी बंद होईल."

"हाव," मावशी म्हणाल्या. "समजलं."

दुसऱ्या दिवशी गाडी अर्धी भरली. तिसऱ्या दिवशी काठोकाठ. बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या. गाडीत जागा राहिली की सय्यदभाई उकिरड्यातली चार फावडी "चुकून" वर टाकत. ढीग बसत चालला होता. मी ऑफिसात जाहीर केलं, की प्रबोधनानं माणूस बदलतो. साहेबांनी पेढे मागवले. मी तर यावर लेख लिहायला घेतला होता.

मग सय्यदभाईंनी गाडीतून एक पुठ्ठ्याचा खोका काढून माझ्यापुढं धरला. कुरिअरचा. त्यावर पत्ता: देशमुख सर, गोदावरी कॉलनी.

"म्याडम, सर रमाईनगरला कब रहने आये?"

मी तडक मावशींकडं गेले. त्यांनी काहीच लपवलं नाही. वस्तीतल्या बायका कॉलनीत धुणीभांडी करतात. सकाळची गाडी यायच्या आधीच काम उरकून निघताना घराघरातला कचरा टोपलीत घेतात. कॉलनीही खूश, गाडीपर्यंत चालायचे कष्ट वाचले.

"पण मावशी, हे बरोबर नाही," मी म्हणाले. "कॉलनीचा कचरा तुमच्या वस्तीत?"

"ताई, तो काय आज यायला लागलाय का? आधी स्कूटरवरनं येत हुता, आता डोक्यावरनं येतो. फरक एवढाच, की आता तो हापशापाशी ऱ्हात न्हाई."

मी लेख फाडला.

*

इकडं कॉलनीतून गाडी रोज रिकामी परत यायला लागली. बिराजदार साहेब नियमाचे पक्के. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: गोदावरी कॉलनी, प्रतिसाद नाही. आधी संध्याकाळची फेरी गेली, मग सकाळची. दोन्ही रमाईनगरला मिळाल्या. कॉलनीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. देशमुख सरांची झोप पूर्ण होत होती.

मग मावशींकडं नांदेडहून पाहुणे आले आणि मावशींनी सरांच्या घरी आठवडाभराची सुट्टी टाकली.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही रमाईनगरात होतो. गाडी पाठमोरी उभी. हापशाभोवतीची जागा मोकळी झाली होती, तिथं घागरींची रांग होती आणि मावशींची नात एका घागरीवर बसून गाडीबरोबर गाणं म्हणत होती. एवढ्यात रूळ ओलांडून एक स्कूटर आली. हँडलला गच्च फुगलेली पिशवी, त्यावर माश्या. स्कूटर नेहमीच्या ठिकाणी सवयीनं जरा हळू झाली. मग बघते तर उकिरडाच नाही. थांबावंच लागलं.

देशमुख सर पिशवी घेऊन उतरले. इकडंतिकडं बघितलं आणि बायकांच्या रांगेत शेवटी उभे राहिले. रांगेनं त्यांना जागा दिली. पुढं जाऊ मात्र दिलं नाही.

नंबर आला तेव्हा गाडीपाशी मावशी होत्या. त्यांनी पिशवी उघडली, आत बघितलं आणि परत सरांच्या हातात दिली.

"सर, सगळं एकात केलंय. वेगळं करून आणा. गाडी थांबवते तवर."

सर जागचे हलले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "निर्मलाबाई, आमच्याकडं गाडी परत कधी यायची?"

मावशींनी पुढच्या बाईची टोपली हातात घेतली.

"जिल्हा झाला की बघू, सर."