आईला खोडलं आणि गुण वाढले

मैत्रिणींनो, आज सकाळी थळची रेश्मा लॅपटॉप घेऊन आली. ती सुक्या मासळीवर संशोधन करते. शोधनिबंधाचं इंग्रजी शिकवणारा संगणकावरचा कोर्स तिला सक्तीचा आहे. त्यात सत्तर गुण मिळाल्याशिवाय निबंध पुढे जात नाही, आणि आज शेवटचा दिवस.

तिने इंग्रजीत लिहिलं होतं, 'बोंबील पुरता सुकला का, हे माझी आई हिराबाई तो कानाशी मोडून आवाजावरून ठरवते.'

यंत्राचा शेरा: वैयक्तिक मजकूर टाळा. गुण बावन्न.

"काकू, आयेला काढून बघू?"

मी मान डोलावली. तिने 'असे आढळून आले आहे' घातलं. गुण अठ्ठ्याऐंशी, वर पडद्यावर टाळ्या! कुणाला आढळलं, हे त्या दीडशहाण्याने विचारलंसुद्धा नाही.

कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर वही लाल करायच्या, पण आधी जवळ बसवून विचारायच्या, "तुला सांगायचंय काय, बाळ?" या डबड्याला ऐकायचंच नव्हतं.

निबंध पुढे गेला. तेवढ्यात हिराबाईंचा फोन, आवाज मलाही ऐकू येणारा, "माजा नाव हाय ना गो त्या निबंदान?"

"हाय," रेश्मा म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

असल्या कोर्सचं कौतुक करणाऱ्यांनो, निबंध छापून आल्यावर हिराबाईंना तो वाचून कोण दाखवणार?