दुसऱ्या हाताचा ठिपका

आमच्या गॅरेजात एक नियम आहे. जो बोल्ट आवळतो, तो त्यावर ठिपका लावत नाही. दुसऱ्याने यायचं, पाना लावून बघायचं आणि मगच लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. रेसिंगवाले यासाठी खास पेन वापरतात. आम्ही कामठी रोडवरचे लोक, बायकोची बाटली पळवली आणि तीच चालू राहिली. नियम माझाच. तीस वर्षं गाड्या खोलतोय, तेव्हा नियम करायचा हक्क माझा आणि मोडायचाही माझाच, अशी माझी समजूत होती.

माझी मुलगी मोटरसायकल रेसर आहे. हे वाक्य मी बँकेत, लग्नात, कळमन्याला संत्री घ्यायला गेलो तरी घुसवतो. बायको म्हणते, "कोणी विचारत नाही, तरी सांगून राहता." सांगणारच. राष्ट्रीय रोड रेसिंग स्पर्धेसाठी तिला एका टीमने घेतलं, तेव्हा तिचा मेकॅनिक म्हणून मीही गेलो. दोन सीझन आम्ही बापलेक तामिळनाडूतल्या ट्रॅकवर राबलो. तिथल्या दमट हवेत शर्ट अंगाला चिकटायचा आणि मी दिवसभर नागपूरच्या उन्हाचे गोडवे गायचो.

दुसऱ्या सीझनची शेवटची रेस होती. टीमच्या मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या सहात आली तर पुढच्या वर्षी टीममध्ये जागा, नाही तर दुसरा रायडर तयार आहे. आदल्या दिवशीच्या चाचणी लॅपच्या वेळेवरून तिला चौथ्या क्रमांकावरून सुटायचं होतं. म्हणजे जागा जवळजवळ खिशात. सकाळी मी पुढच्या ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळून धरणारा चिमटा, उतरवलं, पॅड बदलले, परत बसवलं. ती रायडरांच्या मीटिंगला गेली होती. ट्रॅकवर ठिपक्याचा दुसरा हात तिचाच असायचा, पण तिची वाट कशाला बघायची? ठिपकेही मीच लावून मोकळा झालो.

रेसला निघण्याआधी ती गाडीभोवती एक फेरी मारते. अंगात चामड्याचा सूट, काखेत हेल्मेट. कॅलिपरपाशी वाकून ती थांबली.

"बाबा, हा ठिपका माह्या हातचा नाही."

"मी लावला. बस गाडीवर, टाइम नाही आहे."

"आवळला कोणी?"

"मीच. काहून वं, बापावर भरवसा नाही काय?"

तिने ग्लोव्ह काढला आणि हात पुढे केला. "पाना द्या मले."

मॅनेजर ओरडत होता. ट्रॅकवर जायचं फाटक दोन मिनिटांत बंद होणार होतं. ते चुकलं की बाकी सगळ्या गाड्या सुटून गेल्यावर मागून निघावं लागतं. मला तिचा असा राग आला! चार लोकांसमोर बापाची परीक्षा घेते. पाना मी तिच्या हातात आपटलाच.

बोल्ट पाऊण आटा फिरला.

सरळ रस्त्यावरून सुसाट येऊन ती ज्या वळणावर जीव खाऊन ब्रेक दाबते, ते वळण माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिने तो बोल्ट आवळला आणि मला विचारलं, "आणखी कुठं कुठं तुम्हीच लावला?" मी मुकाट्याने दाखवलं. तिने एकेक बोल्ट तपासला. घाई केली नाही. तेवढ्यात फाटक बंद झालं.

सगळ्या गाड्या पहिल्या वळणाआड गेल्यावर तिला सोडलं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि प्रत्येक लॅपला ती कितवी आली ते मोजत होतो. पंधरावी. बारावी. नववी. शेवटच्या लॅपला सातवी. शेवटच्या वळणावर तिने पुढच्या गाडीपेक्षा उशिरा ब्रेक दाबला, आतली बाजू धरली आणि सहावी येऊन रेषा ओलांडली. मी असा ओरडलो की शेजारच्या टीमवाल्याने मला पाणी आणून दिलं.

मॅनेजरने विचारलं, सुटायला उशीर कोणामुळे झाला? ती तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, माझ्यामुळे. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. होतं असं, जागा पक्की, पुढच्या वर्षीही तुम्ही दोघं या, म्हणाला.

"मी येईन," ती त्याला हिंदीत म्हणाली, "पण मेकॅनिक दुसरा द्या."

मग ती माझ्याकडे वळली.

"बोल्ट ढिला राहिला म्हणून नाही, बाबा. कोणाचाही राहते. मी बोल्ट तपासाले थांबली होती, अन् तुम्ही मले गाडीवर बस म्हटलं."

झोंबलं. अजून झोंबतं. पण त्या वयात माझ्या बापाच्या डोळ्यांत बघून एवढं खरं बोलायची माझी छाती नव्हती, आणि हिची आहे. माझा ऊर भरून आला. मॅनेजर मी काय म्हणतो याची वाट बघत होता.

"ती म्हणते तसंच करा," मी म्हटलं.