छातीतलं लोखंड

काकांना मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या मालवणच्या घरात गणपतीच्या पूजेला थोरल्या भावाकडचा पुरुष बसतो, सोवळं नेसून, उघड्या अंगानं. वडील थोरले, त्यांच्या जागी आता मी, असं आईनं धरलं होतं. चतुर्थीला सकाळी मी शर्ट काढला आणि काकांनी सगळ्यांसमोर माझ्या छातीकडे बोट केलं. माझं मधलं हाड होडीच्या टोकदार नाळेसारखं पुढं आलेलं होतं.

"व्यंग असलेल्यान पूजेक बसूचा नसता," ते म्हणाले, आणि वडिलांच्या पाटावर स्वतःच्या मुलाला बसवलं. आईनं माझा शर्ट माझ्या हातात दिला. त्यानंतर पाच चतुर्थ्या मी दारात शर्ट घालून उभा राहिलो आणि दरवर्षी दात-ओठ खाल्ले.

आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त सड्यावर, गावामागच्या कातळाच्या माळावर, चढल्यावर मिळायची त्या काळातली ही गोष्ट. मी असाच सड्यावर गेलेलो असताना मुंबईच्या मामानं फोनवर कळवलं, की आता असली छाती मोठी चिरफाड न करता बसवतात. गेलो. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का, दुखतं का. मी दोन्हीला हो म्हणालो. दोन्ही खोटं होतं. मला फक्त तो पाट हवा होता.

दोन्ही कुशींत बोटभर छेद घेऊन त्यांनी कातडीखालून स्टीलची वाकवलेली पट्टी आडवी सरकवली आणि फासळ्यांना पक्की केली. ती हाडाला आत दाबून धरणार आणि दोन वर्षांनी डॉक्टर ती काढणार. पहिले आठ दिवस खोकला आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. कूस बदलता येत नव्हती. छताकडे बघत मी काकांचा चेहरा आठवायचो, आणि खरं सांगतो, बरं वाटायचं.

पुढच्या चतुर्थीला मी सोवळं नेसून माजघरात आलो. छाती सपाट. काकांनी नीट न्याहाळलं आणि नवीन खुसपट काढलं.

"आता अंगात लोखंड आसा. सोवळ्यात लोखंड चलणा नाय."

त्यांचा मुलगा तेव्हा पाटाशी उभा होता. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून त्याचा हात मोडला होता, तेव्हापासून दंडात तसलीच स्टीलची पट्टी होती आणि त्याच हातानं तो दोन्ही वर्षं पूजा करत आला होता.

"काकानू," मी म्हणालो, "दादाच्या हातातली पट्टी सोन्याची आसा काय?"

 भटजींना अजून दहा घरं उरकायची होती. कोण बसतंय ते बसा लवकर, असं ते वैतागून म्हणाले. आईनं पुढं होऊन पाट माझ्यासमोर सरकवला.

पूजा झाली. तीर्थ द्यायचं काम पूजेला बसलेल्याचं, पाटावर बसूनच. एकेक जण माझ्यापुढं येऊन बसला. काका सगळ्यांत शेवटी आले. त्यांचे गुडघे धरलेले होते, खाली बसता येत नव्हतं. पट्टीमुळे मला पुढं वाकून हात लांबवता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून भिंतीला हात टेकून तेच खाली वाकले आणि माझ्यापुढं हात पसरला.  मी पळी सावकाश भरली.

थोडं वाकता आलं असतं मला. मी वाकलो नाही.