जर्स्यांचं गठुडं

रविवार होता. २००४ सालचा ऑगस्ट. दुपारी हे ग्राउंडवरून आले, सायकलच्या कॅरिअरला जर्स्यांचं गठुडं बांधलेलं. नळाखाली टब ठेवला, चौदाच्या चौदा जर्स्या त्यात टाकल्या, वरून पावडर टाकली अन् म्हणले, "ललिता, चहा ठेव. तोवर चिखल सुटंल."

टीम हरली होती. मी विचारलं नाय, तोंडावरून कळायचं.

अर्धा चहा प्याले अन् कप खाली ठेवला. म्हणले, छातीवर कोणीतरी बसल्यागत होतंय. मी म्हणले, ग्राउंडवर भजी हाणली असतील. असं बोलले मी. आता तेच आठवतंय सारखं. मंग त्यांना घाम सुटला तवा मी शेजारच्या भागीबाईला हाक मारली, तिच्या मालकानं रिक्षा आणली. रिक्षात बोलत होते. काय बोलत होते, तर म्हणे टबातलं पाणी बदल, लाल झालं असंल. पण चोळू नको. मी आल्यावर चोळतो.

पाच वाजता दवाखान्यातच जीव गेला. बेचाळीस वर्षांचे होते.

माणूस जाताना पोरीचं बोलतो, बायकोचं बोलतो. आमच्या रोशनीची दहावी होती त्या साली. तर हे बोलले जर्स्यांचं. मला काय समजलंच नाय तेव्हा, अन् आता समजलं असं पण म्हणता येत नाय.

आम्ही पाड्यावरचे. इगतपुरीपासून पुढं डोंगराच्या अंगाला आमचा पाडा, भात अन् नागली. हे रेल्वेत गँगमन लागले ८८ ला, रूळ तपासायचे, खडी भरायची. तिथं कॉलनीची फुटबॉलची टीम होती. शेडमधले फिटर, पॉइंटमन, दोन-तीन ड्रायव्हरची पोरं. यांची उंची बघून कॅप्टन शेखर पवार म्हणले, "ए मंगळू, तू गोलात उभा राहा, बाकी काय करू नको." यांनी तोवर फुटबॉल हातात धरला नव्हता. पण आंब्याच्या झाडावरून फेकलेले आंबे झेललेला माणूस, झेलायला लागला. पावसात मॅच असायची, बाकीचे घसरायचे, हे घसरायचे नाय. भाताच्या चिखलात वाढलेले पाय.

यांना शेखर मंगळ्या म्हणायचे. बाकीचे पण. मला ते आवडायचं नाय. घरी येऊन हे सांगायचे, "आज शेडमधला राजू मला काय बोलला माहितीये? म्हणे मंगळ्या, तू गोलात उभा ऱ्हायला का आमची म्हैस ऱ्हायली तर फरक कळत नाय, दोघं पण मागं हटत नाय." अन् हसायचे. मी म्हणायचे, यात हसण्यासारखं काय हाय. म्हणायचे, "तुला नाय कळायचं, ते खोलीतलं बोलणं हाय."

खोली म्हणजे ग्राउंडच्या मागं एक जुनं गोडाऊन, पत्र्याचं. तिथं ते कपडे बदलायचे. भिंतीला खिळे ठोकलेले, ज्याचा खिळा त्याचा. बाईमाणसानं तिथं जायचं नाय. खोलीत काय चालायचं ते बाहेर सांगायचं नाय. मला वाटायचं, पितात.

९६ साली मनमाडवाल्यांशी फायनल होती. त्या दिवशी हे पहिल्यांदा गठुडं घेऊन घरी आले. सगळ्यांच्या घामाच्या, चिखलाच्या जर्स्या. दगडावर बसले अन् धुवायला लागले. मी म्हणले हे काय? म्हणले, "आज हरलो."

हरलो तर तुम्ही का धुताय?

पुढच्या वेळी दुसरा कोणी धुवंल असं वाटलं. पण परत हेच. मंग जिंकल्यावर पण हेच. आठ वर्षं. २००१ ला गुडघा गेला, खेळणं बंद झालं, तरी रविवारी ग्राउंडवर जायचं अन् गठुडं आणायचं. कॉलनीतल्या बाया मला विचारायच्या, "काय गं, तुझ्या मालकानं धोब्याचं काम धरलं का?" मी खाली बघायचे. माझ्या मनात एकच, पाड्यावरचा माणूस म्हणून याला लावलंय धुवायला. बाकीच्या चौदा घरांत बाया नायत का?

एकदा हे ड्युटीवर गेले तवा मीच सगळ्या जर्स्या धुतल्या. गरम पाणी, ब्रश, वरून थोडी नीळ पण टाकली. छान वाळत घातल्या. म्हणले खूश होतील. आले, दोरीकडं बघितलं, अन् सगळ्या काढून परत टबात टाकल्या. स्वच्छ जर्स्या परत धुतल्या! लग्नाला बारा वर्षं झालेली, त्या दिवशी पहिल्यांदा मला आवाज चढवून म्हणले, "तुला कोणी सांगितलं होतं?" मी दोन दिवस बोलले नाय.

आता हे गेल्यावर टब तसाच. सुतकात कोण हात लावणार. भागीबाई म्हणली, ओतून दे ते पाणी, वास येतोय. रोशनी म्हणली, आई, मी धुते. मी म्हणले नाय, बाबा चिडतील. म्हणले अन् मलाच कळलं काय बोलले ते. पण मी पाणी तेवढं बदलायचे. रोज सकाळी लाल पाणी ओतायचं, नवीन भरायचं. चोळायचं नाय.

टीम मैताला आली होती सगळी. खांदा त्यांनीच दिला. जर्स्यांचं कोणी विचारलं नाय. तिसऱ्या दिवशी शेखर आले. बसले, पाणी प्याले. जाताना नळाजवळ टब बघून थांबले. मला वाटलं आता उचलतील. नाय उचलला. "येतो वहिनी," म्हणले अन् गेले.

अन् त्याच्या पुढच्या रविवारी काय केलं टीमवाल्यांनी, तर बनियनवर मॅच खेळले. भर पावसात, अकरा बनियन. भागीबाईचे मालक बघून आले, म्हणले लोक हसत होते, दुसरी टीम हसत होती, रेफ्री म्हणे नंबर कुटंय, तर राजूनं कोळशानं पाठीवर काढून दिले सगळ्यांचे. मला कळंना, हे दुःख म्हणायचं का येडेपणा. जर्स्या हव्या तर न्यायच्या ना. का माझ्या दारात यायला लाज वाटती?

दहावा झाला अन् मी सरळ गेले त्या खोलीवर. दार वाजवलं. शेखरनं दार उघडलं.

"वहिनी, तुम्ही इथं?"

"माझा माणूस तुमचा नोकर होता का?" मी दारातूनच विचारलं. "तेवढं सांगा. मी जाते."

मी आत बघितलं. बाकडी, खिळे, टॉवेल. बाटल्या नव्हत्या कुठं. विचारलं, हे कुटं बसायचे? शेखरनं दाराजवळची जागा दाखवली.

"चपलांपाशी?"

"त्यानंच धरली ती जागा, वहिनी. कडी तिथून हाताला येते."

मंग शेखरनी सांगितलं. त्यांचा एक रिवाज होता. मॅच हरली का दाराला कडी लावायची, जर्स्या काढून मधे टाकायच्या. कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाय, तू चुकला म्हणायचं नाय. ज्याला मनातून वाटंल आपल्यामुळं हरलो, त्यानं उठून गठुडं बांधायचं, घरी न्यायचं अन् स्वतःच्या हातानं धुवायचं. मंग कडी निघायची. गठुडं ज्यानं उचललं त्याच्याकडं कोणी मागायला जायचं नाय, तोच आणणार. कधी कधी दोन-दोन तास कडी निघायची नाय, म्हणले. एकदा तर बसल्या जागी मारामारी झाली.

"मनमाडच्या मॅचला राजूनं मागं पास दिला पायानं," शेखर म्हणले. "मंगळ्यानं हातानं उचलला. आपल्याच गड्यानं पायानं दिलेला बॉल गोलातल्यानं हातात घ्यायचा नाय, असा नियम बदलला होता, आम्हाला कोणालाच धड माहीत नव्हता. रेफ्रीनं त्यांना किक दिली, गोल झाला."

"मंग चूक कोणाची?"

"ते अजून कळलं नाय, वहिनी," शेखर म्हणले, अन् एक-दोघं हसले.

राजू कोपऱ्यात होता, शेडमधला फिटर, हातावर काळं. तो म्हणला, "मी वाकलोच होतो गठुड्याला. त्यानं माझ्या हाताखालून ओढून घेतलं. म्हणला, सरक."

"अन् पुढं आठ वर्षं? जिंकल्यावर?"

एक जण म्हणला, त्याला आवडायचं. दुसरा म्हणला, आम्ही भांडू नये म्हणून, कडी लावायच्या आत तो बांधायला लागायचा. शेखर म्हणले, "मी एकदा म्हणलो, मंगळ्या बास आता. तर म्हणला, तुमच्यातल्या कोणाला कॉलर धुता येते का?" तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. यातलं खरं कोणतं ते मला कोण सांगणार?

मी म्हणले, "मेलेला माणूस आणून देणार नाय तुम्हाला जर्स्या. टबात सडतील."

मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाजवळ आवाज आला. बघते तर राजू, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून यांच्या दगडावर बसलेला. टब पुढं ओढलेला. मी आले तरी उठला नाय, वर पण बघितलं नाय.

"वहिनी, साबण?"

भिंतीच्या कोनाड्यात यांची वडी होती, एका बाजूनं झिजलेली. ती दिली. त्यानं जर्सी दगडावर पसरली अन् तिच्या पोटावरच घासायला लागला, जोरजोरात, फेस नुसता अंगावर उडतोय.

मी म्हणले, "कॉलर आधी. पोट मागनं."