कोलशेतचं स्थळ

माझ्या बायकोचं लग्न माझ्याशीच झालेलं आहे. इतकी वर्षं मला याबद्दल कसलाही संशय नव्हता.

घोटाळा झाला तो एका रविवारी दुपारी. आमच्या लेकीने, ऋताने, टीव्हीवर एक परदेशी चित्रपट लावला. त्यातली बाई एकाच वेळी दोन आयुष्यं जगत होती. एकात तिने एका माणसाला होकार दिलेला, दुसऱ्यात त्यालाच नकार. एकात नवरा दाढीवाला, दुसऱ्यात बिनदाढीचा. (मी मध्येच डुलकी काढली, त्यामुळे मला बराच वेळ नवऱ्याने दाढी केली असंच वाटत होतं.)

चित्रपट संपला. सुलभा, म्हणजे माझी बायको, पंख्याकडे बघत म्हणाली, "कोलशेतच्या स्थळाला हो म्हटलं असतं, तर?"

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. सुलभाला एकाच दिवशी दोन मुलं बघायला आली होती. सकाळी कोलशेतचे बापट, संध्याकाळी डोंबिवलीचा मी. बापटांनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ जरा कमी आहे." तिथेच त्यांचा निकाल लागला! संध्याकाळी तेच सकाळचे पोहे मला गरम करून दिले, ते मी एक शब्द न बोलता संपवले. "किती समाधानी मुलगा आहे," असं म्हणून सासऱ्यांनी लग्न ठरवलं. त्या दुपारीच माझी दाढ काढली होती. जिभेला चव नव्हती आणि तोंड उघडत नव्हतं, हे लग्नानंतर उघडकीला आलं. तोंड उघडायला लागल्यावर.

"कोलशेतला तेव्हा होतं काय? कंपन्या आणि खाडी!" मी म्हणालो.

"आता टॉवर झालेत," सुलभा म्हणाली. "लिफ्ट असते त्यांना."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हा टोला मला बरोबर कळला.

मग घरात तसल्याच चित्रपटांची रांग लागली. जेवताना दुसरं आयुष्य, इस्त्री करताना तिसरं आयुष्य! त्या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. दुसऱ्या आयुष्यातलं स्वयंपाकघर नेहमी मोठं असतं. मी रोज बापटांच्या नावाने बोटं मोडायला लागलो. सुलभा ऐकायची आणि ऋताकडे बघायची. ऋता उठून आत जायची.

त्यात सुलभाचा मोबाइल टेबलावर पालथा पडायला लागला. पार्लर झालं. आणि एका सकाळी बाल्कनीतून दबका आवाज आला, "हो, कोलशेतलाच, शनिवारी चार वाजता. नाही, ह्यांना काही बोलले नाहीये."

माझ्या हातातला चहा थंड झाला. (आलं कमीच होतं.)

शनिवारी मायलेकी निघाल्या. "टेंभी नाक्याला जरा खरेदी आहे," सुलभा म्हणाली. आणि अंगावर पैठणी! भर दुपारी पैठणी नेसून कोण खरेदीला जातं? शिवाय लेकसुद्धा सामील! मला खरं सांगायचं तर रडू येत होतं. मी जो शर्ट हाताला लागला तो चढवला आणि कोलशेत गाठलं.

फोनवर टॉवरचं नावही कानावर पडलं होतं. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?"

"बापट. मेरी बीवी उधर है."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, इंटरकॉम उचलला आणि म्हणाला, "साब, एक आदमी आया है. बोलता है उसकी बीवी आपके पास है."

मग मला वर सोडलं.

दार उघडंच होतं. मी आत शिरलो आणि ओरडलो, "सुलभा, घरी चल! जे झालं ते मी विसरायला तयार आहे!"

समोर सोफ्यावर सुलभा, ऋता, एक देखणा तरुण, एक बाई आणि एक गृहस्थ. प्रत्येकाच्या हातात पोह्यांची बशी.

"बाबा!" ऋता किंचाळली. "अरे, हा निनाद! बापटकाकांचा मुलगा, माझ्या ऑफिसमधला. आम्हाला लग्न करायचंय!"

"तुम्ही बापटांच्या नावाने रोज शंख करत होतात," सुलभा कपाळावर हात मारून म्हणाली, "आणि ह्यांच्या मनात जुना नकार. म्हटलं, आधी इकडचं जमवावं, मग तुम्हाला सांगावं."

बापटांनी बशी खाली ठेवली. "तुमच्याकडचे लोक नेहमी असेच येतात का?" त्यांनी थंडपणे विचारलं. "एकदा तुमच्या घरून आमचा अपमान झालाय. आता दुसऱ्यांदा? आम्हाला विचार करावा लागेल."

ऋताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथल्या तिथे खाडीत उडी मारावी! शेवटी बापटांच्या पत्नीने माझ्याही हातात बशी दिली. बापटांनीही काहीतरी करायचं म्हणून आपली उचलली. आम्ही दोघांनी एकदमच घास घेतला.

आणि एकदमच म्हणालो, "मीठ जरा कमी आहे."

सुलभाने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी सुलभाकडे पाहिलं. मग त्या दोघी ज्या हसत सुटल्या, त्या पदराने डोळे पुसेपर्यंत! तेवढ्यात माझं लक्ष बापटांच्या शर्टाकडे गेलं. निळ्या चौकटींचा, अर्ध्या बाह्यांचा. मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. निळ्या चौकटींचा, अर्ध्या बाह्यांचा. बापटही हसायला लागले. अर्ध्या तासात साखरपुडा ठरला.

निघताना लिफ्टमध्ये मी हळूच विचारलं, "काय गं, बघितलंस ना दुसरं आयुष्य? कसं वाटलं?"

"उगाच इतके चित्रपट बघितले मी," सुलभा म्हणाली. "तिथेही तुम्हीच होतात."

मला एकदम भरून आलं. "खरंच?"

"हो ना," तिने तळमजल्याचं बटण दाबलं. "लिफ्टसकट."