समोरच्या काकांच्या हरकती

या शहरात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे जे काही झालं, त्या प्रत्येक गोष्टीला आमच्या समोरच्या दारातल्या काकांची लेखी हरकत आहे. पूल, गटार, कचऱ्याचा डबा, बागेची वेळ, बसचा थांबा, तुम्ही नाव घ्या, काकांनी हरकत घेतलेली असणार. महापालिका कुठलंही धोरण ठरवण्याआधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात ‘नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ असं छापते. तुम्ही-आम्ही त्या पानावर भज्यांचं तेल टिपतो. काका मात्र ते घरी आलेलं आमंत्रण समजत. त्यांनी एवढं बोलावलं आणि आपण गेलो नाही तर बरं दिसतं का, असं ते अजिबात न हसता म्हणत. एखादी योजना मनापासून आवडली, तरी ते हरकतीच्याच खिडकीत जाऊन तसं कळवून येत, कारण आवडलं म्हणून सांगायला तिथे दुसरी खिडकी नव्हती.

काका मूळचे वर्ध्याकडचे. सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे आयुष्यभर टेबलावर वाकून सरळ रेघा मारल्या. विश्रांतवाडीत आमच्या बिल्डिंगमध्ये ते राहायला आले तेव्हा पुढचा रस्ता म्हणजे नुसती मुरुमाची पट्टी होती, आणि कॉम्प्युटर शिकलेला मुलगा दाखवायला लोक दूरदूरच्या नातेवाइकांना घेऊन येत. काकांच्या दोन भाषा होत्या. घरात अस्सल वऱ्हाडी. सुनावणीला उभे राहिले की ‘आपण’, ‘कृपया’ आणि ‘सदरहू’. सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट असे. वॉर्ड ऑफिसातला शिपाई त्यांना बघितलं की आधी पंखा लावायचा, मग साहेबांना आत जाऊन सांगायचा.

ओला कचरा-सुका कचरा वेगळा करायचं धोरण आलं तेव्हाचं सांगते. सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात काका, हातात नारळाची करवंटी. त्यांचा प्रश्न असा की ही ओली की सुकी? मी म्हटलं, अहो काका, मला बँकेत जायचंय. ते म्हणाले, खोबरं होतं तोवर ओली होती, खोबरं काढलं, आता कोणत्या डब्यात? मी म्हटलं, तुमच्या. ते जराही न चिडता वरच्या मजल्यावर विचारायला गेले. पुढे महिनाभर आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी सुखानं नारळ फोडला नाही. आंब्याची कोय, अंड्याचं टरफल, देवाचं निर्माल्य, सगळ्याचा निकाल लागल्याशिवाय काकांना चैन पडेना. माझे मिस्टर म्हणत, हा माणूस यमदूतांनासुद्धा विचारेल, नेण्याआधी हरकती मागवल्या होत्या का म्हणून.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं: ज्याच्या दारात काही करायचं, त्याला आधी विचारा. रस्ता करा, मोरी करा, काय वाट्टेल ते करा, पण विचारून करा. हे ते इतक्यांदा म्हणत की आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांचा आवाज काढून दाखवायचो.

काकू याच्या अगदी उलट. काका सभेत बोलत आणि काकू घरी त्यांच्या वाटचंही गप्प राहत. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवाल्याशीसुद्धा हळू बोलायच्या, आपलं वऱ्हाडी ऐकून कुणी हसेल म्हणून. त्यांनी इथे येऊन हौसेनं केलेली गोष्ट एकच. माहेरच्या अंगणातल्या कवठाचं रोप आणून ते फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लावलं होतं, कारण सेक्रेटरींनी आवारात लावू दिलं नाही. कवठाला फळ धरायला किती वर्षं लागतात ते लावणाऱ्यालाच विचारा! काकू रोज भांडी विसळलेलं पाणी घेऊन जिना उतरायच्या. झाडाशी मात्र मोठ्यानं बोलायच्या. आणि एकदाचं ते धरलं तेव्हा महाशिवरात्रीला सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटीवाटीनं गूळ घातलेली चटणी फिरली. तेव्हापासून दर वर्षी फिरायची.

मग खराडीला मोठमोठ्या कंपन्या आल्या आणि आमच्या रस्त्याचं नशीब पालटलं. कंपन्यांतल्या मुलांना पाळीवर नेणाऱ्या गाड्या सुसाट जायला लागल्या. फूटपाथ नावाला नव्हता. एका संध्याकाळी काकू दूध घेऊन कडेकडेनं येत होत्या, गाडीचा धक्का लागला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली. फाटकाबाहेर पाऊल टाकायची त्यांनी धास्तीच घेतली. त्यानंतर काकांनी बाकीच्या सगळ्या हरकती बाजूला ठेवल्या आणि फूटपाथ एके फूटपाथ सुरू केलं. दुसऱ्या कुणाच्या साखरपुड्यातसुद्धा नगरसेवकाला गाठून फूटपाथ. काकूंना पुन्हा रस्त्यावरून चालता आलं पाहिजे, एवढा एकच ध्यास. आम्ही हसायचो खरे, पण नगरसेवक कुठे दिसला की आम्हीच काकांना खूण करायचो.

अखेर मंजूर झाला. सुनावणीला सगळे दुकानदार हजर. वाण्याच्या पायऱ्या मध्ये येत होत्या, डॉक्टरांचा ओटा येत होता, जो तो म्हणत होता माझ्यापाशी जरा वळवा. काका उठले आणि त्यांनी ड्राफ्ट्समनचा सगळा जन्म पणाला लावला. एकाला वळवला की सगळ्यांना वळवावा लागेल, काठी टेकत चालणाऱ्या माणसाला वळणं झेपत नाहीत, सदरहू फूटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळच हवा. साहेबांना पटलं. वाण्यानं पायऱ्या तोडल्या आणि काकांशी बोलणं टाकलं.

नंतर फक्की मारून रेघ आखायला ज्युनिअर इंजिनिअर आले. मी बँकेत निघाले होते, तिथेच थांबले. पांढरी रेघ वाण्याकडून सरळ आली, डॉक्टरांवरून सरळ आली आणि थेट कवठाच्या बुंध्यावर चढली. काका रेघेकडे बघत राहिले. एवढं सगळं मोजणाऱ्या माणसानं आपलंच झाड मोजलं नव्हतं. इंजिनिअर चांगला मुलगा होता. म्हणाला, काका, इथे हातभर वळण देतो, कुणाला कळणारही नाही. वाणी दुकानाच्या तोंडाशी येऊन उभा होता. त्यानं फार गोड आवाजात सांगितलं, द्या की, काकांचं झाड म्हणजे काय आमच्या पायऱ्या थोड्याच आहेत!

काका म्हणाले, “सरळ घ्या.”

वर गॅलरीत काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

झाड तोडायचं तर महापालिका आधी झाडावर नोटीस चिकटवते आणि हरकती मागवते. तशी कवठावरही चिकटली. आम्ही म्हटलं, आता काका काय करतात ते बघू. जन्मभर पानटपरीच्या पत्र्यावरसुद्धा हरकत घेणाऱ्या त्या माणसानं या नोटिशीवर काहीही लिहून दिलं नाही. मुदत संपली, करवत आली, सकाळच्या सकाळी काम उरकलं. त्या महाशिवरात्रीला चटणी आली नाही.

फूटपाथ मात्र खरोखर देखणा झाला. काका रोज संध्याकाळी काकूंना हाताला धरून त्यावरून नेत. आधी वाण्यापर्यंत, मग डॉक्टरांपर्यंत, पुढे पुढे तर चौकापर्यंत. कुणी भेटलं की काकू म्हणायच्या, छान झाला न जी फूटपाथ. मला वाटायचं, झालं ते बरंच झालं. अशी तीनेक वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. काका संध्याकाळचे घरात बसून राहायला लागले. वर्तमानपत्राची घडी दुपारपर्यंत दाराशी तशीच पडलेली असायची. त्या घडीकडे बघून मला इतकं वाईट वाटायचं की मीच बेल वाजवून ती हातात द्यायचे.

गेल्या वर्षी आतल्या पानावर आमच्या रस्त्याचं नाव आलं. वाहतूक फार वाढल्यामुळे रस्ता रुंद करायचा, त्यासाठी एका बाजूचा फूटपाथ काढायचा. आमच्याच बाजूचा. हरकती व सूचना मागवल्या होत्या. मी पान घेऊन समोर गेले. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, तू चालशील का बरोबर?

सुनावणीला नव्या बाई अधिकारी होत्या. तरुण, हुशार, बोलणंही अदबीचं. नाव पुकारल्यावर काका उठले. इस्त्रीचा शर्ट होता, पण ‘सदरहू’ काही आलं नाही. चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, “या फूटपाथसाठी आमच्या घरचं एक कवठ गेलं आहे. तो राहू द्या.”

बाईंनी ते लिहून घेतलं. मग सहज, आपुलकीनंच विचारलं, “झाड काढताना आपण हरकत नोंदवली होती का काका?”

“नाही,” काका म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या बाजूला बसून मला त्या बाईंचा विनाकारण राग आला. वास्तविक त्यांचं काही चुकलं नव्हतं.

बाईंनी पुढचं नाव पुकारलं आणि फूटपाथ जाणार हे आम्हा दोघांनाही तिथेच कळून चुकलं. बाहेर आलो. जिना उतरताना काका एका पायरीवर थांबले, मला वाटलं दम लागला. मी त्यांचा हात धरला. ते माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या भाषेत बोलले.

“महापालिका निदान इचारते तरी वं पोरी,” ते म्हणाले. “झाड तुह्या काकूचं होतं. मी तिले इचारलंच नाई.”