दादाच्या डोक्यातली बासरी

रविवार, १९ जानेवारी. स्थळ दादाचं घर, मुकुंदवाडी. हजर: दादा, वहिनी, मी, आणि शेजाऱ्यांची मांजर. मांजर आपली नाही असं वहिनी सांगतात, पण ती त्यांच्या मांडीवरून उठत नाही. ताटलीत संक्रांतीचा उरलेला तिळगूळ. माझ्याकडे लॅपटॉप, हेडफोन, वायर आणि जास्तीची एक वायर. जास्तीची वायर मी नेहमी बाळगते.

त्या दिवशी काम एकच होतं. दादाला गाणी ऐकवायची होती.

दादा माझा मोठा भाऊ. मी शाळेत नोकरी करते; वर्गांची वेळापत्रकं, परीक्षांच्या बैठका, कोण कुठल्या तासाला रिकामं आहे, हे सगळं माझ्याकडे असतं. संध्याकाळी घरी गाणी मिक्स करते. निव्वळ हौस. कॉलनीतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुणी आणून दिलं की टाळ जरा मागे घ्यायचे, पेटी पुढे आणायची, गाणाऱ्या काकूंचा आवाज त्यांना स्वतःला ओळखू येईल इतपत मोकळा करायचा. ही हौस मला दादानं लावली. त्याला मिक्सिंग हा शब्दही तेव्हा माहीत नव्हता.

तेव्हा कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. कोरी कॅसेट आणि हव्या त्या गाण्यांची यादी घेऊन गुलमंडीवरच्या दुकानात जायचं, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. इतर लोक आवडीची गाणी एकामागोमाग लिहून द्यायचे. दादा क्रम लावायचा. जड गझलेनंतर हलकं गाणं नको, त्यानं आधीचं पुसलं जातं, असं त्याचं म्हणणं. दोन बासऱ्या लागोपाठ नकोत. कॅसेटच्या बाजूच्या शेवटी गाणं तुटू नये म्हणून तो मिनिटांची बेरीज करून द्यायचा. तरी एकदा दुकानदारानं मधे एक गाणं जास्तीचं भरलं आणि दादाची सगळ्यात लाडकी गझल दुसऱ्या शेरानंतर कापली गेली. टेप खट करून थांबायचा. दादानं ती कॅसेट पुन्हा भरून घेतली नाही. म्हणाला, आता ती तशीच कानात बसली.

रविवारी दुपारी ऐकायला बसायचं. नियम एकच: बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. पाणी प्यायचं असेल तर आधी पिऊन घ्यायचं. आईसुद्धा त्या वेळात स्वयंपाकघरातून खुणेनं बोलायची.

सिनेमाला गेलो तरी तो कानांनीच जायचा. पडद्यासमोर मधोमध बसायला सगळे धडपडायचे. दादा डावीकडच्या भिंतीपासून तिसरी-चौथी खुर्ची पकडायचा, कारण त्या थिएटरात उजवीकडचा स्पीकर फाटका होता. आमच्या दोघांच्या आवडीचे सिनेमे इतरांना कंटाळवाणे वाटायचे. एका सिनेमात लांबून परत आलेला मुलगा घरात शिरतो आणि कितीतरी वेळ कुणी बोलतच नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत राहतो. गिरणी बंद होते आणि मग बाप पहिलं वाक्य बोलतो. बाहेर पडताना मी विचारलं, बाप काय म्हणाला? दादा म्हणाला, "ते राहू दे. गिरणी बंद झाली तेव्हा तुला काय वाटलं ते सांग."

मिक्स करताना मी आजही तेच बघते. काय वाजतंय हे नंतर. काय थांबल्यावर काय ऐकू येतं, हे आधी.

दादा चितेगावच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला होता. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मोठाल्या यंत्रांपाशी. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. बाकीचे घालायचे. दादा घालायचा नाही, कारण डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, नीट बसलाय की तिरका जातोय हे त्याला ठोक्याच्या आवाजावरून कळायचं. इंजिनियर मोजमाप घेईपर्यंत दादानं यंत्र थांबवलेलं असायचं. "तुमचा कान घेऊन या," म्हणून दुसऱ्या शिफ्टवाले त्याला बोलवायला यायचे. त्याला त्याचा अभिमान होता. आम्हालाही होता.

कान एकदम गेला नाही. आधी वरचे आवाज गेले. कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग, पक्षी. मग शब्दांच्या कडा गेल्या. निवृत्त झाला तोवर तो समोरच्याच्या ओठांकडे बघून हो-हो करायला लागला होता. कानाचं मशीन घेतलं. समोर बसून सावकाश बोललं की त्यातून बोलणं बरंचसं कळतं. गाणं मात्र नाही. मशीनमधून गाणं कसं लागतं विचारलं तर म्हणाला, "पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं." त्यानंतर त्यानं गाणं लावलं नाही आणि आम्हीही त्याच्यासमोर लावलं नाही.

मागच्या दिवाळीत त्याच्या कानांच्या तपासणीचा आलेख माझ्या हाती आला. असा कागद माझ्यासारखीच्या हाती पडला की ती स्वस्थ बसत नाही. रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घाट उतरल्यासारखी खाली गेली होती. म्हणजे खालचे, जाड आवाज अजून शाबूत. वरचे, बारीक गेलेले. मी विचार केला, मग गाणंच खाली आणू. हल्ली सॉफ्टवेअर जुन्या गाण्यातून गळा, ठेका, एकेक वाद्य बऱ्यापैकी वेगळं काढून देतं. बासरी पूर्ण एक सप्तक खाली घ्यायची. संतूर काढून टाकायचं, तेच सूर जाड तारेच्या वाद्यावर भरायचे. गायिकेच्या आवाजातला जो भाग त्याला पोचतो तेवढाच फुगवायचा. त्याच्या पहिल्या कॅसेटमधली बारा गाणी मी अशी तयार केली. यादी फ्रिजवर लावली होती. एकेक झालं की खूण करायची.

त्या रविवारी हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि वहिनींना कळावं म्हणून लॅपटॉपचा स्पीकरही चालू ठेवला.

वहिनी सिल्लोडच्या. मनात एक आणि तोंडात एक त्यांना जमत नाही. पहिल्या गाण्याची सुरुवात ऐकली आणि म्हणाल्या, "ताई, ही बासरी हाय का म्हैस?"

"त्याच्यासाठी केलीय वहिनी. आपल्यासाठी नाही."

"ते खरं. पण मांजर बघा कशी उठून गेली."

दादानं हात वर करून आम्हाला गप्प केलं. त्याला आमचं ऐकू येत नव्हतं, पण तोंडं हलताना दिसत होती. मग त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, "आली गं. बासरी आली." डोळे पुसले नाहीत; चष्मा काढून बराच वेळ चष्माच पुसत बसला. वहिनी उठून चहा टाकायला गेल्या आणि चहा बराच वेळ आला नाही.

तीन गाणी झाली आणि त्यानं हेडफोन काढले. "आज एवढं पुरे," म्हणाला. बाकीची पुढच्या रविवारी, असं ठरवून मी निघाले. जाताना रिक्षात मी स्वतःवर खूश होते, हे लिहायला हवं.

पुढच्या रविवारी शाळेचं काम निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी मला ताप. मग वहिनींचा फोन.

"ताई, तुमचे भाऊ आता सकाळी गॅलरीत बसत नाहीत."

"आधी बसायचा?"

"व्हय की. रोज. चहा झाला की मशीन काढून ठेवायचं आन खुर्चीत बसायचं. खुर्चीच्या हातावर बोटं चालायची. मला वाटलं, झालं, कानावरून आता डोक्यात गेलं. एकदा हलवून विचारलं, तर माझ्यावरच वरडले. म्हणे, बाजू संपेस्तोवर बोलू नको." वहिनी पुढे म्हणाल्या, "तुम्ही येऊन गेल्यापासून बसतात, पण लगेच उठतात. लई चिडचिड करतात. मला सांगत नाहीत. तुम्हाला सांगतील."

मी त्याच दिवशी शाळेतून परस्पर गेले.

दादाशी लांबलचक बोलायचं असेल तर आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागे लिहितो. तो वाचतो आणि तोंडानं उत्तर देतो. मी लिहिलं: काय झालं?

"काही नाही. तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

मी प्रश्नाखाली रेघ मारून कागद पुन्हा पुढे केला.

"मला ऐकू येत होतं," तो म्हणाला. "मशीन काढलं की जास्तच चांगलं. सगळी कॅसेट, पहिल्यापासून. मधली खरखरसुद्धा. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर डॉक्टरकडं नेलं असतं. तू केलंस ते वाईट नव्हतं. एवढी मेहनत कोण करतं? पण आता पहिलं गाणं सुरू झालं की तुझी बासरी येते. मी थांबतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा तुझीच. आधीची येतच नाही."

"थोड्या दिवसांनी येईल," मी सावकाश, त्याच्याकडे बघून म्हटलं.

"येईल का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं लिहिलं.

"बरं झालं तीनच ऐकली," तो म्हणाला. "बाकीची अजून जागेवर आहेत. मी तपासली."

दादाचं सगळं संगीत आता त्याच्या आठवणीत होतं, दुसरीकडे कुठेच नाही. आणि मी तिथे जाऊन नीटनेटकं करून आले होते. त्याला शांततेत राहावं लागतंय असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दिवाळीपासून मी आलेख पाहिला, गाण्यांच्या लहरी पाहिल्या. तुला काय ऐकू येतं, हे त्याला विचारायचं यादीत नव्हतं.

मी लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर बाराही फायली काढून टाकल्या. पेनड्राइव्हवरच्या काढल्या, दुसऱ्या पेनड्राइव्हवरच्याही. त्यानं चष्मा लावून खात्री करून घेतली.

मग त्याला एक कल्पना सुचली. मूळ गाणं मी माझ्या हेडफोनवर लावायचं आणि त्याच्या मनगटावर ठेका द्यायचा. म्हणजे मी माझ्या कानात आणि तो त्याच्या डोक्यात, पण दोघं एकाच वेळी ऐकू. न बिघडलेलं काहीतरी लाव, म्हणाला. मी त्याची ती लाडकी गझल लावली. सुरुवातीचा विस्तार संपला तशी मी सम दिली आणि त्यानं मान हलवली. त्याचं तोंड शब्दांबरोबर हलत होतं. कुठे पुढे नाही, कुठे मागे नाही. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला होता. दुसरा शेर झाला आणि दादानं माझ्या बोटांखालून हात काढून घेतला.

"संपली बाजू."

माझ्या कानात गझल अजून चालू होती. मी हेडफोन काढले.

"आता बोला बाई कुणीतरी," वहिनी म्हणाल्या. "का पलटून दुसरी बाजू लावताय?"

त्यावर तो हसला आणि मग कॅलेंडरचा कागद त्यानं माझ्याकडे सरकवला. "हे सगळं जुनं झालं," म्हणाला. "जेवढं भरलंय तेवढंच. नवीन काही आत जात नाही. कान गेल्यानंतर किती सिनेमे आले, किती अल्बम आले. तू यादी ठेवतेस ना? त्यातलं एखादं मला सांग. वाजवू नको. सांग."

यादी मी ठेवतेच. नाव, साल, शेरा. माझ्या मोबाइलमध्ये होती. मी वाचून बघितली. 'पार्श्वसंगीत उत्तम.' 'गळा चांगला, ध्वनिमुद्रण स्वच्छ.' 'शेवटचा भाग पुन्हा ऐकणे.' त्यातलं एकही त्याच्या उपयोगाचं नव्हतं. अलीकडचा एक अल्बम मला फार आवडला होता; एकच गायिका, मागे जेमतेम दोन वाद्यं. मी लिहिलं: सुरुवातीला तंबोरा आहे.

त्यानं वाचलं. "कुठं बसलाय तंबोरा? जवळ का लांब? बाई श्वास घेतात तो ऐकू येतो? खोली मोठी वाटते का लहान?"

ऐकून सांगते, असं लिहून मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर तो अल्बम मी रोज ऐकते आहे. दादा सकाळी पुन्हा गॅलरीत बसायला लागलाय, असं वहिनी सांगतात. पहिली तीन गाणी सोडून चौथ्यापासून सुरू करतो. मला काही विचारत नाही. कागद माझ्या टेबलावर उघडा आहे. त्यावर एवढंच झालंय: तंबोरा लांब आहे, बहुतेक खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, आणि त्याची एक तार किंचित उतरलेली आहे. बाईंनी श्वास घेतला आहे, अजून गायला सुरुवात केलेली नाही.

पुढचं लिहायचं राहिलं आहे.